लग्न खरं होतं

पॅटरसनच्या मार्केट स्ट्रीटवरच्या झेरॉक्सच्या दुकानात योव्हानाचा लग्नाचा फोटो यंत्रात अडकला, तशी ती ओरडलीच, "अहो, बंद करा ते आधी!"

दुकानदार धावत आला. एल्मर त्याचं नाव. तिच्यासारखाच पेरूतून आलेला, बोलण्यात तिथल्या अरेकिपा शहराचा हेल. त्यानं झाकण उघडून फोटो अलगद सोडवला, बाहीनं पुसला.

"घ्या. नवरदेव सुखरूप आहेत."

"ते केव्हाच सुटलेत," ती म्हणाली. "घटस्फोट झालाय आमचा."

एल्मरचे कान लाल झाले. ते पाहून तिला हसू फुटलं… कितीतरी दिवसांनी.

ग्रीन कार्ड तिला अमेरिकन नवऱ्यामुळं मिळालेलं. संसार टिकता तर तीन वर्षांतच नागरिकत्वाचा अर्ज करता आला असता; तो मोडला, म्हणून नियमाप्रमाणं पाच वर्षं थांबून ती आता अर्ज करत होती. लग्न कागदापुरतं नव्हतं, हे दाखवायला वकीलबाईंनी सगळं मागितलं होतं – भाडेकरार, पत्रं, फोटो. तासाभराचं काम, पण योव्हानानं ते तीन शनिवार पुरवलं. का, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

"आज एवढंच?" एल्मर विचारी. "पुढच्या शनिवारी काही उरलंय ना?"

"तुमचं यंत्र अडकलं, तर उरेल."

"मग अडकवतो की!"

तिसऱ्या शनिवारी समुद्रकाठचा एक फोटो हातात घेऊन तो थबकला. "इथं फार खूश दिसताय."

"होतेच. जीव होता माझा ब्रायनवर. वाईट नव्हता तो. टेक्सासला कामाला गेला, फोन दोन-दोन मिनिटांवर आले… मग बोलायलाच काही उरलं नाही."

एल्मरनं मान हलवली नि बटण दाबलं. उगाच सांगितलं, असं तिला घरी जाईपर्यंत वाटत राहिलं.

अर्ज गेला. मग दुकानात जायला निमित्तच उरलं नाही. सहा महिन्यांनी नेवार्कच्या नागरिकत्व कार्यालयातून मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा त्याची प्रत काढायला ती जवळजवळ पळतच गेली.

एल्मरनं तारीख वाचली. "मी सोडतो गाडीनं."

"आणि दुकान?"

"यंत्रालाही एखादी सुट्टी नको का?"

मुलाखत संपवून ती बाहेर आली, तेव्हा बोचरा वारा सुटला होता. एल्मर गाडीला टेकून गारठत उभा होता.

"झालं?"

"पास! आता शपथविधीचं पत्र येईल."

"मग रडताय का?"

"साहेबांनी विचारलं, लग्न प्रेमापोटी केलं होतं का? मी म्हटलं, हो. अगदी मोठ्यानं." ती अडखळली. "तुम्हाला… ऐकायला बरं नसेल वाटत."

"का नाही?" तो हळूच म्हणाला. "मोडलेल्या संसाराला तुम्ही एकदाही नावं ठेवली नाहीत. मी तर तिथंच… बरं, आणखी काय विचारलं?"

"आता कुणावर मन बसलंय का, ते नाही विचारलं."

"मग मी विचारतो."

"असं नाही. आत आधी उजवा हात वर करायला लावतात. खरंच बोलेन म्हणून."

"मग करा."

तिनं हातमोजा काढला, हात वर केला.

"बसलंय," ती म्हणाली. "तुझ्यावर."

तो वर केलेला हात एल्मरनं तसाच हवेत धरला. खाली घ्यायचं दोघांनाही सुचेना.