शुक्रवारचा अहवाल

काम तसं कंटाळवाणंच होतं. आमच्या इस्पितळाचे जुने अहवाल गोठवायचे होते.

तू इथे नवीन आहेस, म्हणून आधी गोठवणं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आमचे अहवाल जिवंत असायचे. म्हणजे उघडावेत तेव्हा ते नोंदींमधून नव्यानं आकडे गोळा करायचे. अमक्या वर्षी, तमक्या मंगळवारी वॉर्डात किती माणसं होती, असं आज विचारलं तर एक उत्तर. मध्येच एखाद्या नर्सनं जुनी चूक दुरुस्त केली, की उद्या दुसरं. मोठ्या डॉक्टरांनी एकदा राजधानीला, आपियाला जाऊन भर बैठकीत एकाच डिसेंबरचे दोन वेगळे आकडे वाचले आणि चांगलेच तोंडघशी पडले. परत आल्यावर त्यांनी धोशा लावला: प्रत्येक जुन्या दिवसाचा अहवाल त्या दिवसापुरता कायमचा बंद करा. त्या क्षणी जे होतं ते तसंच राहिलं पाहिजे. पुढे कोणी कितीही डोकं आपटलं तरी त्यातला ठिपकासुद्धा हलता कामा नये.

हे काम माझ्याकडे आणि पोनिफासिओकडे आलं. पोनी चर्चच्या गायनात सगळ्यांत खालच्या सुरात गातो आणि ऑफिसात सगळ्यांत वरच्या सुरात बोलतो. न्यूझीलंडच्या एका माणसानं त्यासाठी प्रोग्रॅम लिहून पाठवला होता. तो ओळीनं एकेक तारीख घ्यायचा आणि अहवाल पुढ्यात मांडायचा. आम्ही तो डोळ्यांखालून घालायचा, गोठवायचं बटण दाबायचं, की पुढची तारीख. पण त्या बिचाऱ्याला आमच्या शुक्रवारबद्दल कोण सांगणार?

तो शुक्रवार झाला नाही ना. जिथे वार बदलतो त्या तारखेच्या रेघेच्या पलीकडे आमची बेटं होती. सगळा व्यवहार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी, आणि आम्ही त्यांच्या एक दिवस मागे. शेवटी सरकारनं ठरवलं, एक दिवस गाळायचा. दोन हजार अकरा साली एकोणतीस डिसेंबरचा गुरुवार संपला, मध्यरात्री चर्चच्या घंटा वाजल्या आणि लागलीच एकतीसचा शनिवार सुरू झाला. तीस तारीख साऱ्या सामोआत कुणाच्याच वाट्याला आली नाही.

त्या घंटा वाजत असताना माझी आई गेली. आमच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर, माझा हात धरून. घंटा सुरू झाल्या तेव्हा श्वास होता, थांबल्या तेव्हा नव्हता. नर्सनं दाखल्यावर शनिवार लिहिला. भाऊ म्हणाला, गुरुवार. दफनाच्या दिवशीसुद्धा त्यावरून घरात वादावादी झाली. मी त्यात पडले नाही. मला रडूही आलं नाही. सगळं घर ऊर बडवून रडत होतं आणि मी आल्यागेल्याला चटया घालत होते. दाढ काढताना हिरडी बधिर होते ना, तसं आत कुठेतरी झालं. हिरडीचं बधिरपण संध्याकाळपर्यंत उतरतं. माझं उतरलंच नाही.

तर त्या दिवशी दुपार होत आली होती. बाहेर ऊन रणरणत होतं, पंखा नुसताच कुरकुरत होता. पोनी डबा काखेत मारून उठला, आणि माझ्या पुढ्यात तीस डिसेंबरची तारीख आली. त्या पानावर काहीच नसणार, हे मला ठाऊक होतं.

पानावर लिहिलं होतं, रुग्ण एक.

"पोनी, जरा इकडे ये."

"आता काय? माझं पालुसामी गार होतंय."

"तीस तारखेला रुग्ण दाखवतंय."

"तीस तारखेला?" तो खो खो हसला. "अगं बाई, तो दिवस होता कुठे? त्या दिवसाचा पगार मात्र मिळाला होता हं सगळ्यांना. मी कधीच इतकं चोख काम केलेलं नाही."

"बाई आहे. खिडकीजवळची खाट."

तो वाकून वाचायला लागला. नावापर्यंत आला आणि त्याचं हसू ओसरलं. आईला तो चांगला ओळखायचा. लहानपणी आमच्याच चुलीवरचा कोको पिऊन वाढलेला.

"फिलेमू," तो हळूच म्हणाला, "हा कचरा आहे. प्रोग्रॅमची चूक. पुसून टाक."

"हं."

"मी येईपर्यंत पुसून टाक... बघत बसू नकोस."

तो गेला. मी बघत बसले.

आमच्याकडे रुग्ण कधी एकटा नसतो. घरचं कोणीतरी खाटेखाली चटई टाकून बसलेलं असतं. तेच भरवतं, अंग पुसतं, माश्या वारतं. म्हणून आमच्या अहवालात सोबतीचाही रकाना आहे: कोण, केव्हा आलं, केव्हा गेलं. आपियाचे लोक त्याला हसतात. आईच्या नावापुढे त्या रकान्यात लिहिलं होतं, कोणी नाही. नर्सच्या रकान्यातही कोणी नाही. आणि शेऱ्यात: जागी आहे. पाणी मागते.

मी पान बंद करून पुन्हा उघडलं. अहवाल अजून जिवंत होता, त्यानं आकडे पुन्हा गोळा केले. नोंदीची वेळ पुढे सरकली होती, ताप थोडा चढला होता. शेरा बदलला होता. पाणी मागते. दिलेले नाही.

वॉर्डात नर्स नाही, तर मग हे लिहितंय कोण, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी नुसती पान उघडत राहिले. मुलगी कुठे आहे विचारते. पुन्हा उघडलं. मुलीला हाक मारते. पुन्हा. कुशीवर वळता येत नाही. वेदना.

कुठूनतरी मोसोओईच्या फुलांचा वास यायला लागला, खोबरेल तेलात मुरवलेल्या. आई केसांना तेच लावायची. आई गेली तो जुना वॉर्ड केव्हाच बंद झाला होता, आता तिथे मोडक्या खाटा ठेवतात. व्हरांड्याच्या त्या टोकाकडून काहीतरी पत्र्याचं पडल्याचा आवाज आला... मग घरंगळल्याचा... मग काही नाही. मी उठले नाही.

माझ्यापुढे तीनच वाटा होत्या. पुसून टाकलं, तर माझ्या हातानं मी तिला त्या दिवसातून काढून टाकणार. तसंच जिवंत सोडलं, तर त्या पानातली दुपार उतरत चालली होतीच. तो दिवस संपला की आई पुन्हा एकदा जाणार, आणि या खेपेला जवळ कोणी नसताना. आणि आता गोठवलं, तर जसं आहे तसंच राहणार. तहान, वेदना, हाक. कायमची. त्यातला ठिपकासुद्धा हलणार नाही.

मी बटणावर बोट ठेवून बसले. ती जरा निवांत झाली की दाबायचं, एवढं ठरवलं. पान उघडायचं, वाचायचं, बंद करायचं. ओठ कोरडे. पुन्हा. आवाज खोल गेला. पुन्हा. हाक मारणे थांबले. तेव्हा मीच हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आई..." मी म्हणाले. एवढंच. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

नंतरचं नीटसं आठवत नाही. खाली टाचांना चटईची वीण रुतत होती, एवढं आठवतं. उजेड वेगळा होता. बाहेर एकही कोंबडं नव्हतं, कुत्रं नव्हतं, समुद्रसुद्धा गप्प होता. मग मी खुर्चीत होते आणि समोर शेरा होता: पाणी प्यायली. वेदना नाही. झोपली.

मी बटण दाबलं.

"कुठे उलथली होतीस?" दारातून पोनी ओरडला. त्याचा सदरा घामानं भिजला होता. "तीनदा येऊन गेलो. स्वयंपाकघर पाहिलं, मागचं अंगण पाहिलं. मोठे डॉक्टर विचारत होते."

"इथेच होते."

"खुर्ची रिकामी होती, फिलेमू."

खिडकीबाहेर ऊन कलून गेलं होतं. गावात संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. माझा उजवा हात कोपरापर्यंत ओला होता, कोणाचं डोकं उचलून पाणी पाजावं आणि ते सांडावं तसा.

"पुसलंस का ते?" पोनीनं विचारलं.

"गोठवलं."

तो खुर्चीमागे येऊन वाचायला लागला. नेहमी ओठ हलवत मोठ्यानं वाचतो, त्या वेळी मनात वाचलं. मग त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. सोबतीच्या रकान्यात आता नोंद होती. सोबत: मुलगी. आली: दुपारी.

"आणि हे?" तो कुजबुजला. "गेल्याची वेळ कुठे आहे?"

ती जागा रिकामी होती.

"भर ना ती... काहीतरी लिही. आत्ताची वेळ लिही."

"गोठवलंय, पोनी. आता त्यात काही लिहिता येत नाही."

पोनीनं न्यूझीलंडच्या त्या माणसाला तीन पत्रं पाठवली. त्याचं एकच उत्तर आलं. प्रोग्रॅम अगदी बरोबर चालतोय, अशी तारीख आलीच कशी ते मात्र कळत नाही. मोठे डॉक्टर खूश झाले, आता आकडे हलत नाहीत म्हणून. मी त्या संध्याकाळी घरी गेले, प्रार्थनेला बसले, जेवले. चव लागली नाही, पण ती आधीही लागत नव्हती. आई आता एकटी नाही, याचं मला बरं वाटतं. भीती मात्र वाटत नाही. वाटायला हवी, हे कळतं.

पोनी आता पूर्वीसारखा धाडकन आत येत नाही. दाराबाहेर थांबून आधी हाक मारतो. मी ओ देते. तो तिथेच उभा राहतो, थोडा वेळ कान देऊन ऐकतो आणि पुन्हा एकदा हाक मारतो.