भिंगापुढचा हात

बसा. मशीन बंदच राहू द्या, दिव्याच्या उजेडात बोलू.

सुरतेत, उधन्यात माझं प्रोजेक्टर भाड्याने द्यायचं दुकान आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गोडादऱ्याच्या अंजनाबाईंनी नवऱ्याच्या स्मृतिदिनासाठी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आणून दिली, त्यांच्या लग्नाची. नागनाथ गेला तेव्हा लेक स्वप्ना पाळण्यात होती. बापाला तिने फक्त फोटोत पाहिलेलं.

"भाऊ, पोरीला तिचा बाप चालता-बोलता दाखवा," एवढंच बाईंचं मागणं.

नागनाथ माझाच जोडीदार. मिलच्या कामगारांसाठी आम्ही व्हिडिओ हॉल चालवायचो. तेव्हाच्या प्रोजेक्टरला तीन डोळे असत: लाल, हिरवा, निळा. तिघांची चित्रं एकावर एक बसवावी लागत. नागनाथ एका डोळ्यापुढे तळहात धरायचा आणि बाकीचे दोन जुळवायचा. पुढे एका भिंगाची मशीनं आली, आता तर लेझर. जुळवायचं काही उरलंच नाही.

कॅसेट मी स्कूटरच्या डिकीत टाकली आणि विसरलो. सुरतेचं ऊन ते! बाहेर काढली तेव्हा पापडासारखी वाकलेली. आणि मी निर्लज्जासारखा बाईंना म्हणालो, "तुमच्या घरातल्या ओलीनं बुरशी धरली हिला."

त्यांनी पदर तोंडाशी धरला. "माझीच चूक, भाऊ. पत्र्याच्या पेटीत ठेवायला नको होती..."

तेव्हाच माझी जीभ झडायला हवी होती.

स्मृतिदिनाला निदान फोटो तरी दाखवू म्हणून दुपारी गेलो. खिडक्यांवर साड्या टांगून अंधार केलेला, समोर लूमवरचं कोरं कापड ताणलेलं. बुद्धवंदना झाली. मशीन चालू केलं. फोटोंची वायर अजून जोडलीच नव्हती, माझ्या हातातच होती... आणि कापडावर एक लाल आकृती हलली. शेजारी हिरवी. मग निळी. तापलेल्या धुळीचा वास आला, जुन्या मशीनला यायचा तोच. भिंगापुढून एक तळहात सावकाश सरकला आणि तिन्ही आकृत्या एकमेकींत बसल्या.

नागनाथ. पांढऱ्या कपड्यांत, हातात हार, हसत.

"मम्मी... पप्पा चालतायत," स्वप्ना पुटपुटली.

अंजनाबाईंनी येऊन माझे हात धरले. "नीट केलीत ना कॅसेट? माझी चूक तुम्ही निस्तरलीत, भाऊ..."

सुटी वायर माझ्या मुठीत होती. मी मान हलवली. हो म्हणून.

त्याच क्षणी चित्रातला निळा गेला.

तेव्हापासून कुठलंही मशीन लावलं तरी मला निळा दिसत नाही. गिऱ्हाइकांना सगळं ठीक दिसतं. खरं सांगायला किती वेळा गोडादऱ्याला निघालो, पण गल्लीच्या तोंडाशी शरमेनं पाय अडतात. एकदा तसाच माघारी आलो, आणि हिरवाही गेला.

आज बाई बाजारात भेटल्या. चारचौघांत म्हणाल्या, असा देवमाणूस मिळायचा नाही. मी हात जोडून ते ऐकून घेतलं. घरी येऊन मशीन लावून पाहिलं, तर भिंतीवर उरलेल्या लाल उजेडात कडेनं पाच बोटं आत सरकत होती. म्हणून म्हटलं, मशीन नको, दिवा बरा.

थांबा... दिव्यापुढे हात तुम्ही धरलाय का?