एकशे बाराव्या पानाची चिठ्ठी

भाषांतर करायला निघालीस ना, मग आधी हे ऐकून घे. चहा गार झाला तर दुसरा करू.

त्या दिवशी दुपारी मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले ती फक्त मी भाषांतर केलेल्या एका कादंबरीच्या तीन प्रतींत चिठ्ठ्या चिकटवायला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण जिथे एकतीस वर्षं काढली तिथे मला कोण अडवणार? चिठ्ठी म्हणजे शुद्धिपत्र. छापून झाल्यावर चूक सापडली की आपण लाजत लाजत पुस्तकात चिकटवतो ते. माझ्या चिठ्ठीवर होतं: 'पान ११२, शेवटची ओळ. "तिने दार उघडलं" याऐवजी "तिने दार उघडलं नाही" असं वाचावं.'

चूक कसली, कपाळ! जाणूनबुजून केलं होतं मी ते. त्या परक्या कादंबरीत वारलेली मुलगी रोज तिन्हीसांजेला घराचं दार वाजवते. आत धाकटं बाळ तापाने फणफणलेलं. आईला कळून चुकतं की दार उघडलं तर मोठी आत येईल आणि धाकटं जाईल. म्हणून काळजावर दगड ठेवून ती दार उघडत नाही. मी त्या ओळीशी पोचले तेव्हा माझी लेक ठकी जाऊन दीड वर्ष झालं होतं. सहा वर्षांची होती गं. माझा हातच चालेना. शेवटी लिहून टाकलं, तिने दार उघडलं. प्रकाशकाला मूळ भाषेचा गंध नव्हता. वाचकांनी रडून रडून पत्रं लिहिली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण जिथे लहान मूल, त्या घरी ते पुस्तक गेलं की... विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतला एक सहायक पहिल्यांदा म्हणाला, "बाई, पुस्तक घरात होतं तोवर बाळाचा ताप उतरेना." मी त्याला वेड्यात काढलं. मग आणखी दोघं तेच सांगून गेले. मी मूग गिळून गप्प बसले, ती पंचवीस वर्षं.

मग माझा मुलगा बायको-मुलीला घेऊन माझ्याकडे राहायला आला. आठवड्याभरात चार वर्षांच्या नातीला ताप भरला. बारा दिवस हटेना. डॉक्टरांनी हात टेकले. दिवस कलला की ती डोळे मिटूनच विचारायची, "आजी, दारात कोण आहे?" कपाटातली माझी प्रत मी घराबाहेर ठेवून पाहिली. काही फरक नाही. लिहिणारा हात घरातच होता ना. तेव्हा सुचलं शुद्धिपत्र.

ग्रंथालयातल्या बाइंडरमामांनी चिकटवायला पिठाची खळ शिजवून दिली. "एका 'नाही'साठी एवढा खटाटोप?" म्हणत हसले. तिसऱ्या प्रतीत चिठ्ठी दाबली आणि मागच्या कुलूपबंद दालनाचं दार वाजलं. अगदी खालून, कमरेच्याही खालून.

"मांजर असेल," मामा म्हणाले. मग हळूच, "बाई... मांजर असं रडतं का हो?"

उरलेली खळ डबीत घेतली आणि घर गाठलं.

मुलगा-सून डॉक्टरांकडे गेले, नातीजवळ मी एकटी. घरची प्रत उघडली, चौथ्या चिठ्ठीला खळ लावली. फक्त दाबायची होती. तेवढ्यात दार वाजलं. दोनदा तळहाताने, एकदा नखाने. ठकीच वाजवायची असं. हे कुठल्याही पुस्तकात नाही.

"आई... थंडी वाजतेय..."

दार उघडलं नाही मी, शपथेवर सांगते. पण चिठ्ठीही दाबली नाही; पानावर अजून 'उघडलं'च होतं. ऐकत बसले. सत्तावीस वर्षांनी माझं लेकरू मला हाक मारत होतं गं! आवाज थांबला, तेव्हा कुठे चिठ्ठी चिकटवली आणि नातीजवळ गेले. कपाळ गार होतं. तिने डोळे उघडले.

"किती वेळ लावलास गं, आई," म्हणाली.

सूनबाई माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, तुम्ही वाचवलंत तिला. पोर खाते, खेळते, बाळसं धरलंय. मला मात्र आजी म्हणत नाही, आईच म्हणते, आणि घरातले सगळे हसतात. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद होतो.

आता तिन्हीसांजेला दार अजून वाजतं. पण ती ठकीची थाप नाही. बाहेरून चार वर्षांचा आवाज येतो, "आजी... उघड ना."

आठ महिने झाले. रोज कपाटातली प्रत काढून एकशे बारावं पान बघते. खळ अजून ओली आहे. ओढली तर चिठ्ठी निघेल, बाहेरची आत येईल आणि आतली जाईल.