टाकीतून आलेलं उत्तर

ज्याले हसायचं असन त्यानं आत्ताच हसून घ्यावं. पण हे माह्यासोबत घडलं. पिपरी मेघेत, माह्या घराच्या गच्चीवर. याच मे महिन्याची अठरा तारीख, दुपारचे दोन. पोरीची शपथ, एक अक्षर खोटं नाई.

मी प्रफुल, मूळचा अल्लीपूरचा. अकरा वर्षं समुद्राकाठी जहाज दुरुस्तीच्या फ्लोटिंग डॉकवर होतो. पाण्याचे वॉल्व्ह माह्याकडं.

हा डॉक म्हणजे लोखंडाचा पोकळ, मोठा तराफा. त्याच्या पोटात टाक्या. टाक्यांत पाणी सोडलं का तो खाली बसते अन् जहाज त्याच्यावर येऊन थांबते. मंग पंपानं पाणी उपसलं का तो जहाजाले घेऊन वर येते. जहाजाचं बूड कोरडं. करा दुरुस्ती.

त्या टाक्यांत माणसं गंज खरवडाले उतरतात. म्हणून पाणी सोडायच्या आधी आमची एक रीत. पत्र्यावर हातोडीनं तीन ठोके द्यायचे… अन् थांबायचं. आतून उत्तर नाई आलं, तरच वॉल्व्ह उघडायचा.

दोन वर्षांमागं एका सकाळी उत्तर आलं.

टण… टण… टण…

माणसं मोजली. सगळे बाहेर. पुन्हा मोजली. सगळे बाहेर.

"खोल ना! जहाज उभं आहे!" वरून साहेब ओरडले.

मी वॉल्व्ह उघडला.

पाणी चढेपर्यंत ठोके येत राह्यले. मंग बंद झाले.

नंतर टाकी उपसून पाह्यली. आत कोणीच नाई. डॉकवरचा एकही माणूस कमी नाई. साहेब हसले. मले मात्र घास जाईना. महिन्याभरात नोकरी सोडून घरी आलो.

पण सवय काई सुटली नाई. मोटर लावायच्या आधी गच्चीवर जाऊन टाकी ठोकायचो. शेजारचे रूपराव खिदळायचे, "काऊन बे प्रफुल, टाकीत सासू ठेवली का?"

अठरा तारखेले माही बायको जागृती पोरीले, चारुताले, घेऊन माहेरी हिंगणघाटले गेलती. घर खायले उठलं होतं. ऊन असं का रस्त्यावर कुत्रं नाई. मी गच्चीवर गेलो, बोटांनी तीन ठोके दिले.

थांबलो…

टण… टण… टण…

आमची टाकी प्लास्टिकची आहे, बाप्पा! तिच्यातून लोखंडाचा आवाज कसा येईन?

झाकण काढलं. तळाले बोटभर पाणी. कोणीच नाई.

झाकण लावलं…

टण.

मले भेव नाई वाटलं. रडू आलं. ज्यानं पाणी सोडलं त्याच्याच घरी हा डॉकच्या टाकीतला आला. दुसरं कोणी नसन त्याले.

मोटर लावलीच नाई. खालच्या नळाचं पाणी बादलीनं भरू लागलो.

आठ दिवसांनी जागृती अन् चारुता परत आल्या. "मोटर काऊन बंद?" म्हणत जागृतीनं स्विचले हात लावला. मी तिचा हात पकडला. जोरात. तिच्या बांगड्या फुटल्या. चारुता भेली, रडू लागली.

संध्याकाळच्या बसनं दोघी परत माहेरी गेल्या.

मंग जागृतीचा फोन, "डोकं ठिकाण्यावर आणा. टाकी भरून ठेवजा, मंग आम्ही येतो."

काल सकाळी मी स्विचपाशी उभा राह्यलो. चारुताची आठवण येऊन राह्यलती. आत कोणीच नाई, हे मी डोळ्यांनी पाह्यलं होतं. म्हणलं, बस झालं.

बोट स्विचवर ठेवलं…

वरून ठोके सुरू झाले. तीन नाई. धडाधडा, एकसारखे, जसे कोणी दोन्ही हातांनी मारून राह्यला.

बोट काढलं. ठोके थांबले.

मी तिथंच जमिनीवर बसलो. मंग जागृतीले फोन केला. म्हणलं, तू तिकडंच राह्य. चारुताचं नाव तिकडच्याच शाळेत टाक.

 ती हळूच म्हणे, "कोण आहे ती?"

ती नाई, जागृती. कोणी आहे एवढंच मालूम आहे. नाव मालूम असतं तं सांगितलं असतं.