चाळीस नंबरचं तेल

"ताई, दार बाहेरून बंद केलं!"

"हळू बोल!" नंदाने प्रल्हादच्या तोंडावर हात ठेवला. बाहेर कुलूप खटकन लागलं. "चल, जल्दी घर चल, लू लग जाएगी!" म्हणत तेलाचा दुकानदार नोकरासह निघून गेला. गोदामात दोन मुलं आहेत, हे त्याच्या गावीही नव्हतं!

दोघं सुट्टीत काशीला, ब्रह्मा घाटाजवळ दिनानाथकाकांकडे आली होती. काकांकडे तीस वर्षांपूर्वीची विलायती फटफटी होती. आज चार वाजता काकूंना मागे बसवून ते विंध्याचलला निघणार होते. जुनं तेल काढून झालं होतं. "नंबर जितका मोठा, तितकं तेल घट्ट. काशीच्या उन्हात हिला चाळीसच हवं," असं सांगत त्यांनी सकाळी नवा डबा फोडला, आणि नंदाच्या नाकात जळका वास शिरला. बोटांवर चोळलं तर तेल पाण्यासारखं पातळ!

"काका, हे चाळीस नाही!"

"डब्यावर लिहिलंय ना? मग चाळीसच! जा, खेळा."

म्हणून दोघं, जिथून डबा आणला त्या दुकानामागच्या गोदामात शिरली, आणि थक्कच झाली! पिंपात काळंकुट्ट वापरलेलं तेल, त्यावर गाळायचं फडकं, शेजारी घासलेटचा कॅन आणि चकचकीत नवे डबे. तेवढ्यात पावलं वाजली म्हणून ती पिंपामागे लपली होती.

आता भट्टीसारखं तापलेलं ते गोदाम, आणि वासाने डोकं गरगरत होतं. दोघांनी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. पण भर दुपारी, लूच्या गरम झळांत, गल्लीत चिटपाखरूही नव्हतं.

"काका तेच तेल ओततील! वाटेत इंजिन जाम झालं तर?" प्रल्हादचा आवाज रडवेला झाला.

नंदाने चहूकडे पाहिलं. वर एक खिडकी होती. एका रिकाम्या, उपड्या पिंपावर चढून तिने कडी ओढली. गंजलेली! तसूभर हलेना.

प्रल्हादने भरल्या पिंपातलं घट्ट काळं तेल डब्यात घेऊन पुढे केलं. "हे घाल! मस्त जाड आहे!"

"जाड तेल फटीत शिरणार कसं? नव्या डब्यातलं ते घासलेट घातलेलं दे! इंजिनाला कुचकामी, पण गंजाला तेच हवं!"

तिने ते कडीवर ओतलं. थांबली. ओढली. पुन्हा ओतलं. तळहात सोलून निघाले. प्रल्हादने खालून तिचे पाय घट्ट धरले. कर्रर्र... आणि कडी सरकली!

दोघं गल्लीत उड्या मारून धावत सुटली. अंगणात काकू फटफटीवर मागे बसल्या होत्या आणि काकांचा पाय किकवर होता!

"थांबा!" ओरडत नंदाने प्लगची वायरच उपटली.

"कार्टे! हे काय?"

धापा टाकत तिने सारं सांगितलं. काकांनी डब्यात उरलेलं तेल बोटांवर चोळलं, हुंगलं, आणि ते पायरीवर बसले. "भर रस्त्यात चाक जाम झालं असतं गं..."

संध्याकाळी काकांच्या तक्रारीवरून पोलिसांनी गोदामाला सील ठोकलं. फौजदारांनी प्रल्हादची पाठ थोपटली, तर काकू नंदाच्या सोललेल्या हातांना हळद लावत पुन्हा पुन्हा डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी काका दूरच्या दुकानात गेले, ते नंदाला घेऊनच. तिने डबा फोडायला लावला, वास घेतला, बोटांवर चोळलं. "हे घ्या!"

घरी आल्यावर भेसळीचं तेल काढून काकांनी नरसाळं तिच्याच हातात दिलं. सोनेरी, घट्ट धार इंजिनात उतरली. किक बसली. धड्‌धड्‌धड्‌!

"बस मागे," काका म्हणाले. "पहिली फेरी तुझी!"