फक्त दोन आवर्तनं

गिरगावातल्या त्या चाळीच्या जिन्यात आम्ही दोघं समोरासमोर अडकलो. मी वरून खाली, तो खालून वर. माझ्या खांद्यावर चार फुटी पिशवी, त्याच्या हातांत पेटी... वाजवायची. जिना असा अरुंद, की एकाने मागे गेल्याशिवाय सुटका नाही.

"या तुम्ही आधी," तो म्हणाला.

"नको, तुमची पेटी जड आहे."

"तुमचंही काही हलकं दिसत नाही. सतार आहे का?"

"व्यायामाचं यंत्र."

तो हसला. त्या अंधाऱ्या जिन्यात... छानच हसला. मला वाट द्यायला कडेला वळला, आणि—

"आई गं!"

कंबर धरली. पेटी हातात, पाय दोन वेगळ्या पायऱ्यांवर, चेहरा पांढराफटक.

"हलू नका," मी म्हटलं. "पेटी इकडे द्या. श्वास सोडा. अहो, सोडा म्हणतेय, रोखू नका!"

दहा मिनिटांनी, माझ्या खांद्यावर भार टाकत, हेरंब आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पोचला. दार उघडलं त्याच्या आईने, मृणालिनीकाकूंनी.

"तरी सांगत होते, पेटी उचलू नकोस! ही कोण?"

ही म्हणजे मी, स्पृहा. परळच्या एका कंपनीत काम करते. आम्ही पिलाटीस व्यायामाची छोटी, घडीची यंत्रं लोकांना तीन आठवडे घरी वापरायला देतो आणि रोज जाऊन शिकवतो. त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी मागवलेलं यंत्र बघून त्यांच्या सासूबाई कडाडल्या होत्या, "घरात तिरडी काय आणलीस!" म्हणून मी ते परत नेत होते. ते उघडलं गेलं हेरंबच्या दहा बाय बाराच्या खोलीत.

तशी साधी वस्तू. दोन रुळांवर सरकणारा गुबगुबीत पाट, त्याला स्प्रिंगा, पायाशी एक दांडी. पाठीवर पडून पायांनी दांडी ढकलायची, की पाट मागे सरकतो. घडी केली की कॉटखाली.

हेरंब दिवसा ऑफिसात नकाशे काढायचा आणि उरलेला वेळ कीर्तन. त्याचे गुरू शामरावबुवा दादरच्या एका जुन्या देवळात गोकुळाष्टमीच्या उत्सवात तीस वर्षं उभे राहिले. यंदा आवाज साथ देईना, म्हणून ती जागा त्यांनी हेरंबला दिली. कीर्तन दोन तासांचं, आणि याला वीस मिनिटं उभं राहवत नव्हतं. तीन आठवडे हातात होते.

"डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा आणि कीर्तन खुर्चीत बसून करा," काकू म्हणाल्या.

"बसून कसं करतील?" मी पटकन बोलून गेले. "नारदाची गादी आहे ती."

हेरंबने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सुरुवात. "सोळा वेळा," मी म्हटलं. सोळा झाले. सतरा, अठरा... गडी बत्तीसवर थांबला.

"सोळा म्हटलं होतं मी."

"ओळ पुरी व्हायची होती."

तेव्हा लक्षात आलं, त्याचे ओठ हलत होते. मनात अभंग चालू!

"असं आहे तर मग आठ मात्रांच्या धुमाळीत मोजा. फक्त दोन आवर्तनं. समेवर थांबायचं. मला फसवायचं नाही."

पाट थांबला. "तुम्हाला धुमाळी कळते?"

"लालबागला आमच्या घरासमोर दत्ताचं देऊळ आहे. शाळेपेक्षा कीर्तनांना माझी हजेरी जास्त."

"आणि... यंत्रं विकता?"

"विकत नाही, वापरायला देते. आणि बोलताना तुम्ही पोट सैल सोडताय."

"हेरंब, पोट आत घे," चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या. "बाई सांगतायत ना!"

रोज सकाळी साडेसातला मी तिथे. बाहेर कठड्यावर श्रावणाची सर, आत स्प्रिंगांची बारीक कुरकुर, आणि एक गुणगुणणं... जे माझ्यासाठी नव्हतं, तरी मी घरी घेऊन जायचे.

नवव्या दिवशी गेले, तर तो जमिनीवर उताणा.

"काय केलंत?"

"पाच आवर्तनं. सगळ्या स्प्रिंगा लावून. रंगलो होतो."

"तुला मोजता येत नाही का रे?" तोंडातून 'तू' निघून गेलं, आणि परत घेता येईना. "रंगायला देऊळ आहे, इथे मोजायचं!"

"शामरावबुवांनी कधी मोजलं नाही."

"त्यांची कंबर त्यांच्याकडे. तुझी माझ्याकडे आहे!"

स्वयंपाकाच्या ओट्याशी काकूंना मोठ्ठा खोकला आला. मी उगाचच स्प्रिंग काढून पुन्हा लावली.

"ते राहू दे," काकू शेवटी हळूच म्हणाल्या. "मी देवळात फोन करते. दुसरं कुणी बघा म्हणते."

हेरंब छताकडे बघत म्हणाला, "स्पृहा काय म्हणेल ते."

एवढं ओझं मी त्या जिन्यातही उचललं नव्हतं.

"उभा राहशील," मी म्हटलं. "दोन दिवस नुसता श्वास. मग पुन्हा सोळा. पण कीर्तनाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसेन. मी मान हलवली की आवरायचं. आख्यान कुठेही असो."

"मध्येच?"

"मध्येच."

तो कुशीवर वळला. "बरं," म्हणाला. पण रंगलेल्या कीर्तनकाराच्या 'बरं'चा काय भरवसा... ते मी लहानपणापासून बघत आले होते!

दादरच्या देवळात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. फेटा, उपरणं, कपाळी बुक्का, हातात झांजा— हेरंब उभा राहिला आणि मी त्याची कंबर बघायची विसरले. पूर्वरंग झाला, गळ्यात हार पडला, आख्यान सुरू झालं सुदाम्याचं. सुदामा द्वारकेच्या दाराशी पोचला. द्वारपालांची हुज्जत म्हणजे शामरावबुवांची ठेवणीतली गंमत, चांगली वीस मिनिटांची. लोक सरसावून बसले.

आणि मला दिसलं... उपरण्याखाली त्याचा डावा हात कंबरेवर गेला. श्वास वर चढला, खांदे ताठ झाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. सगळं देऊळ हसायला तयार होऊन बसलेलं. मी मान हलवली.

एक क्षण. मग झांजेचा ठोका पडला, आणि हेरंब म्हणाला, "द्वारपालांनी अडवलं असतं हो! पण मित्र आला हे देवाला आतूनच कळलं. तो सिंहासन सोडून अनवाणी धावला..." आणि त्याने सुदाम्याला सरळ कृष्णाच्या मिठीत नेलं. भैरवी लागली. माझ्या शेजारच्या आजी पदराने डोळे पुसत कुरकुरल्या, "आज लवकर आवरलं गं बुवांनी."

ज्याला सोळावर थांबता येत नव्हतं, तो भरल्या देवळात, स्वतःच्या पायांवर उभा राहून, माझ्यासाठी थांबला होता. आरतीत माझ्या टाळ्या चुकत राहिल्या.

मग पाया पडायची रांग लागली. गळ्यात हार आहे तोवर कीर्तनकार म्हणजे नारद, थोरामोठ्यांनीही वाकायचं. शामरावबुवा वाकले. काकू वाकल्या. मी पेढा तोंडात टाकून पुढे झाले.

"थांब," तो म्हणाला. त्याने हार काढून काकूंच्या हातात दिला आणि गादीवरून खाली उतरला.

"काय झालं?" पेढ्यामुळे शब्द धड फुटेना.

"हार असताना फक्त द्यायचं असतं. मला... मागायचंय."

"काय?"

"लग्न करशील माझ्याशी?"

"अरे, तिला पेढा तरी गिळू दे!" काकू ओरडल्या.

"हो म्हण गं बाई लवकर," मागून आजींनी मला कोपर मारलं. "मागे रांग खोळंबलीय!"

मी पेढा गिळला आणि हो म्हटलं. आजी पुढे आल्या, वाकणार तोच त्याचा मोकळा गळा त्यांना दिसला. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग तोच हात माझ्याही.