मानाच्या जागी बसवलेलं प्रवाळ

तेव्हा रौशनचं नाक इतकं वर असायचं, की पायाखालचं डबकं दिसायचं नाही. अल्माटीत बर्फ वितळून नुसता रेंदा झालेला. बाजारात ती घसरली ती थेट शोभेच्या माशांच्या दुकानात... आणि दुकानदार दौरेनच्या हातातली पाण्याची पिशवी तिच्या मिठीत!

"सांभाळा! जिवंत आहे ते."

"आणि मी काय मेले?"

तो कानांपर्यंत लाल झाला. पिशवीत मऊ प्रवाळ होतं, अळंबीसारखं, डोक्यावर नाजूक बोटं डोलणारं. आगगाडी हाकून निवृत्त झालेल्या तिच्या वडिलांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. म्हणून घरातच खाऱ्या पाण्याची टाकी थाटली होती. रौशनने त्यांच्यासाठी ते घेतलं.

पाहुणा आला की दारापासून लांब, मानाच्या जागी बसवायचा, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. तिने प्रवाळही तसंच बसवलं. सर्वांत उंच दगडावर, दिव्याच्या ऐन खाली, पंपाच्या तोंडाशी. ते आक्रसून वाळल्या कातड्यासारखं झालं.

"आजारी माल गळ्यात मारलात!" ती दुकानात जाऊन कडाडली.

दौरेन घरी आला. टाकी बघून त्याने हसू दाबलं. "पाहुण्याला भट्टीत बसवून वर वादळ सोडलंत?"

"मान दिला!"

"यांच्यात उलटं असतं. नव्याने आधी खाली बसायचं, सावलीत, संथ पाण्यात. रुळलं की हळूहळू वर."

"म्हणजे सुनेसारखं," वडील चहा ओतत म्हणाले.

रौशनने त्यांच्याकडे असं पाहिलं, की चहा गार व्हावा!

प्रवाळ खालच्या वाळूवर उतरलं, पंपाचं तोंड भिंतीकडे वळलं. मग दौरेन दर रविवारी यायचा, प्रवाळ बोटभर वर सरकवायचा. बाही वर करून पाण्यात हात घालायचा, आणि ती टॉवेल धरून उभी... बोटाला बोट लागायचं, दोघंही टाकीकडेच बघायची. प्रवाळ फुललं. तेवढ्यात एका रविवारी तो म्हणाला, "नौरीझच्या सणानंतर अक्ताऊला चाललो. कास्पियन समुद्राच्या काठी नोकरी लागलीय."

"मग जा की! आम्ही काय दोरीने बांधलंय?" म्हणाली खरी. आणि स्वयंपाकघरात जाऊन सोललेलाच कांदा पुन्हा सोलत बसली.

सण तोंडावर आला आणि प्रवाळ मिटलं. अंगावर मेणासारखा पापुद्रा. तिने घाबरून फोन लावला.

"मेलं नाही, कात टाकतंय," तो म्हणाला. "पाणी जरा जोरात फिरू द्या, आपोआप निघेल. माझी गरज नाही."

आणि थोड्याच वेळात धापा टाकत दारात उभा!

"गरज नव्हती ना? मग आलात कशाला?"

"तेच... म्हणजे, प्रवाळासाठी नाही आलो." त्याने टोपी हातात चुरगळली. "रौशन, मला एकट्याला नाही जायचं. आई विचारतेय, लग्न ठरवायला, तुझ्या कानात सुनेचे झुमके घालायला रविवारी येऊ का?"

आतला कपबशीचा आवाज एकदम थांबला. वडिलांचे कान दाराला लागले असणार.

रौशनने ओठ घट्ट मिटले, नाक वर केलं, आणि डोळे मात्र दगा देऊन भरून आले.

"रविवारी? का, उद्या काय तुझ्या आईचे हात दुखतायत?"